नारळावरची पांढरी माशी आणि एन्कार्सिया: फवारणी थांबवली तर काय होतं?

गुहागरचा_आगर

माडावरच्या पांढऱ्या माशीबद्दल इथे सुटे सुटे प्रश्न बरेच येतात, आणि उत्तरात बहुतेक वेळा एखाद्या औषधाचं नाव मिळतं. म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो: या माशीला आटोक्यात ठेवणारा कीटक, एन्कार्सिया, आपल्या वाड्यांत आधीच पोचलेला आहे, आणि फवारणीत पहिला मरतो तो तोच.

कोणती माशी ते आधी. कपाशीवर, वांग्यावर असते ती ही नव्हे. ही रुगोज चक्राकार पांढरी माशी. नेहमीच्या पांढऱ्या माशीच्या जवळपास तिप्पट मोठी, अडीच मिलिमीटरच्या आसपास, स्वभावाने सुस्त, पंखांवर फिकट तपकिरी वेडेवाकडे पट्टे. मादी पात्याच्या खालच्या बाजूला गोल फिरत अंडी घालते आणि त्यावर मेणाची पांढरी पूड पडते, म्हणून झावळी खालून पाहिली की पांढरी वेटोळी दिसतात. मूळची मध्य अमेरिकेची. बेलीझमधल्या नमुन्यांवरून २००४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं, २००९ मध्ये फ्लोरिडात तिने डोकं वर काढलं, आणि २०१६ मध्ये ती आपल्याकडे तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळबागांत सापडली. मग केरळ, कर्नाटक, आंध्र, गोवा आणि आपलं कोकण. स्वतः उडून ती फार लांब जात नाही. लांबचा प्रवास तिने रोपांच्या गाड्यांमधून केला.

पिल्लं पात्याला चिकटून रस शोषतात आणि साखरेच्या पाकासारखा चिकट स्राव सोडतात. तो खालच्या झावळ्यांवर, केळीवर, मिरीच्या वेलावर, जायफळावर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. पानं काळी झाली की ऊन पानाला मिळत नाही. बघायला भयंकर दिसतं, हे मान्य. पण ही माशी कोणताही विषाणू पसरवत नाही आणि तिच्यामुळे माड मरत नाही. हे लक्षात ठेवलं की पुढचे निर्णय घाबरून होत नाहीत.

आता एन्कार्सिया. पूर्ण नाव एन्कार्सिया ग्वाडेलूपी. शास्त्राच्या भाषेत ही परोपजीवी गांधीलमाशी, पण गांधीलमाशी म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्याच्याशी हिचा काही संबंध नाही. लांबी मिलिमीटरपेक्षा कमी, माणसाला डंख नाही, पोळं नाही, थवा नाही. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लाच्या अंगात अंडं घालते. आतली अळी त्या पिल्लाला खाऊन वाढते, पिल्लू काळपट पडतं, आणि शेवटी पाठीला गोल भोक पाडून नवी एन्कार्सिया बाहेर येते. एका पिल्लातून एक.

ती आली कशी हेही कळायला हवं. १९९३ मध्ये केरळात या माशीची बहीण, साधी चक्राकार पांढरी माशी, पहिल्यांदा आढळली होती. पेरू, टॅपिओका, शोभेची झाडं, तिने काही सोडलं नाही. त्या माशीच्या मागोमाग एन्कार्सियाही आली. कुणी मागवली नव्हती. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर ती आढळली आणि तिथून मुख्य भूमीवर आणून सोडली गेली. म्हणजे २०१६ मध्ये रुगोज आली तेव्हा तिचा शत्रू इथे आधीच घर करून होता. केरळ-तमिळनाडूत ज्या बागांनी कीटकनाशक थांबवलं तिथे निम्म्याहून जास्त पिल्लं परोपजीवीग्रस्त सापडल्याच्या नोंदी आहेत. कासारगोडच्या केंद्रीय लागवडपीक संशोधन संस्थेने आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने सुरुवातीपासून हेच सांगितलं: रासायनिक फवारणी थांबवा, एन्कार्सियाला वाव द्या.

आपल्याकडे मात्र दुकानात गेलं की आधी बाटली हातात येते. तुमच्या वाडीत काय परिस्थिती आहे, काळी पिल्लं दिसतात का, कुणी ती असलेली पाती एका बागेतून दुसरीकडे नेऊन पाहिली आहेत का, ते लिहा.

शैला_वेंगुर्ला

बरा केलास धागो काढलस ता. आमच्या वाडीत माडाखालचा अळू, केळी, मिरवेल सगळा काळा पडलाहा. पाडेली (माडार चढान नारळ काढणारो) म्हणता, झावळांका हात लावलो की चिकट.

एक विचारूचा होता. देवाच्या फुलांसाठी मी कर्दळ लावलेली आसा, तिच्या पानांखालीय हेच पांढरे वेटोळे दिसतत. ती उपटून टाकूची काय?

गुहागरचा_आगर

शैलाताई, उपटू नका! केळ आणि कर्दळ या दोन्हींवर ही माशी वाढते, म्हणजे एन्कार्सियाही वाढते. माड चाळीस फूट उंच, कर्दळ हाताशी. म्हणूनच या दोन झाडांची शिफारस बागेत मित्रकीटकांचा साठा राखणारी झाडं म्हणून केलेली आहे. भिंग घेऊन कर्दळीची पानं उलटी करून बघा. काळपट पिल्लं दिसली तर तुमच्या वाडीत काम सुरू झालेलं आहे.

विनू_खारेपाटण

दादा, वाचायला बरं वाटतं, पण ज्याचं पोट नारळावर आहे त्याने काय करायचं? आमच्याकडे बाणवली या उंच देशी जातीपेक्षा संकरित आणि बुटक्या जाती जास्त, आणि माशीही त्यांच्यावरच जास्त. शहाळ्याचं गिऱ्हाईक काळं पडलेलं शहाळं हातात घेत नाही. "थांबा, निसर्ग बघून घेईल" हे पगारदार माणसाला सांगणं सोपं आहे.

गुहागरचा_आगर

विनू, रास्त प्रश्न आहे. मी नुसतं थांबा म्हणत नाही, रासायनिक फवारणी थांबवा म्हणतो. करण्यासारखं बरंच आहे.

खालच्या झावळ्यांवर पात्याच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की माश्या आणि पिल्लं दोन्ही गळतात. बुटक्या जातींवर तर हे जमिनीवर उभं राहून जमतं. काळी बुरशी काढायची तर स्टार्चचं एक टक्का द्रावण, म्हणजे पातळ पेज. ती पानावर वाळली की पापुद्र्यासारखी सुटते आणि बुरशी घेऊन पडते. फारच जोर असेल तर अर्धा टक्का कडुनिंबाचं तेल, साबणाच्या पाण्यात नीट फेटून, पात्याच्या खालून. शहाळ्याच्या घडासाठी पाणी आणि पेज एवढ्यावर भागतं.

आणि फवारणीने नेमकं काय होतं तेही बघ. उंच माडावर औषध निम्म्या झावळ्यांवरसुद्धा नीट पोचत नाही. पिल्लांवर मेणाचं आवरण, ती वाचतात. एन्कार्सिया मात्र पानावर उघडी चालत असते, ती मरते. महिन्याभरात माशी पुन्हा भरते आणि आता तिला खाणारं कुणी नसतं. माडाला बारा महिने फुलोरा येतो, मधमाश्या त्यावर येतात, त्याही जातात. खाली गुरं, विहीर, तळं, ते वेगळंच.

कीटकशास्त्र_दापोली

या विषयात शिकले आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बागेत एन्कार्सिया आहे की नाही, किती आहे, हे ठरवायची पद्धत सोपी आहे आणि प्रत्येकाने ती शिकायला हवी. त्याशिवाय आपण अंदाजावर बोलत राहू.

खालच्या आणि मधल्या झावळ्यांतली काही पाती कापून आणा. ताज्या वेटोळ्यांची नकोत, जुन्या वसाहतीची हवीत. मेणाचे तंतू मऊ ब्रशने हलकेच बाजूला करा. दहापट भिंगातून तुम्हाला चार गोष्टी दिसतील. जिवंत निरोगी पिल्लं पिवळसर किंवा पांढरट, फुगीर असतात. एन्कार्सिया आत असलेली काळपट होतात. रिकाम्या सालींमध्ये दोन प्रकार असतात, आणि खरी गंमत तिथे आहे. पांढरी माशी बाहेर येताना पाठीवर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते. एन्कार्सिया मात्र जबड्याने कुरतडून गोल भोक पाडते, कडा स्वच्छ असतात. टी चिरा किती आणि गोल भोकं किती हे मोजा. दर पंधरा-वीस दिवसांनी मोजून वहीत लिहिलं की बाग कुठल्या दिशेने चालली आहे ते कळतं. माशी भरपूर आणि गोल भोकंही वाढत असतील तर धीर धरा. माशी भरपूर आणि भोकं जवळपास नाहीतच, तर बाहेरून एन्कार्सिया आणायची वेळ आहे.

आणायची कशी? प्रयोगशाळेतून मिळाली तर उत्तमच. नाहीतर ज्या बागेत काळी पिल्लं भरपूर आहेत तिथली पाती कापून आपल्या माडांच्या खालच्या झावळ्यांना टाचून ठेवायची. यात तीन काळज्या. एक, भरपूर गोल भोकं पडलेली पाती घेऊ नका, त्यांतून एन्कार्सिया निघून गेलेली असते. काळी पण भोक न पडलेली पिल्लं हवीत. दोन, सकाळी लवकर कापा. तेव्हा माश्या सुस्त असतात, झटकून टाकता येतात. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची: ही पाती फक्त माशी आधीच असलेल्या बागेत न्या. स्वच्छ गावात चुकूनही नेऊ नका, नाहीतर मित्राबरोबर शत्रूही पोचवाल.

एन्कार्सिया एकटी काम करत नाही हेही सांगते. क्रायसोपाच्या जातीचे हिरवे कीटक आणि काही ढालकिडे या माशीची अंडी-पिल्लं खातात. केरळात लिओक्रायनस निलगिरियानस नावाचा एक छोटा भुंगेरा आढळला आहे, तो पानावरची काळी बुरशीच खातो. झावळीवर असा कुणी फिरताना दिसला तर कीड समजून चिरडू नका. पावसाळी दमट हवेत आयसेरिया फ्युमोसोरोजिया ही कीटकांवर जगणारी बुरशी उपयोगी पडते. बंगळुरूच्या ब्यूरोने तिचा पीएफयू-५ हा वाण या माशीसाठी दिला आहे, लिटरला पाच ग्रॅम. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत तिचा उपयोग कमी.

विनू_खारेपाटण

ताई, टी चीर आणि गोल भोक हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या बघतो. पिवळे चिकट सापळे लावू का? दुकानदार म्हणतो एकरी भरपूर लावा.

कीटकशास्त्र_दापोली

माशी आली की नाही, वाढते आहे का, हे कळण्यापुरते थोडे लावा. पिवळा रंग एन्कार्सियालाही ओढतो. बाग एन्कार्सियाच्या भरवशावर ठेवायची आणि सापळ्यांनी तिलाच गोळा करायचं, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. काळी पिल्लं वाढू लागली की सापळे उतरवा.

देवगड_हापूस

एक मुद्दा कुणी मांडलेला नाही, तो कोकणाचा खास आहे. आमच्याकडे माड आणि आंब्याची कलमं शेजारी शेजारी. आंब्याला पालवी-मोहोर येतो तेव्हा तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रीनपासून इमिडाक्लोप्रिडपर्यंत एकामागून एक फवारण्या होतात. नारळाची माशीही नेमकी पावसाळा संपल्यावर वाढायला लागते आणि उन्हाळ्यात टोकाला जाते. म्हणजे ज्या महिन्यांत एन्कार्सियाची संख्या वाढायला हवी, त्याच महिन्यांत आंब्याचा फवारा वाऱ्याबरोबर माडावर जातो. माडावर एक थेंबही न मारणाऱ्याचे माडसुद्धा सुटत नाहीत.

माझ्या बागेत कलमांच्या कडेचे माड जास्त काळे आहेत आणि समुद्राच्या बाजूचे, कलमांपासून लांबचे, बरे आहेत. हे शास्त्र नाही, निरीक्षण आहे. पण मला त्यात अर्थ दिसतो. आंब्याची फवारणी बंद करा असं मी कुणाला सांगू शकत नाही, त्यावर आमचं वर्ष चालतं. उपाय असला तर सांगा.

कीटकशास्त्र_दापोली

तुमचं निरीक्षण कारणाला धरून आहे. पायरेथ्रॉइड गटातली औषधं (डेल्टामेथ्रीन त्यातलंच) या बारीक परोपजीवींना फारच घातक, आणि पानावर त्यांचा अंश बरेच दिवस राहतो. पूर्ण उपाय नाही, पण बराच फरक पडेल अशा गोष्टी आहेत. वारा पडलेला असताना, पहाटे फवारा. माडाच्या बाजूच्या ओळीला उंच झोताच्या पंपाऐवजी हाताने मारा. तुडतुडे मोजून मारा, तारीख बघून मारू नका. आणि कलमांपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात केळी-कर्दळीचा एक पट्टा ठेवा. फवारणीचा हंगाम संपला की तिथली काळी पिल्लं असलेली पानं माडांवर परत नेता येतात. तो पट्टा म्हणजे तुमचं बियाणं.

वरुडची_संत्रा

आम्ही नारळवाले नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वरुड-मोर्शीकडे संत्र्यावर कोळशी, म्हणजे हीच काळी बुरशी, येते, ती काळ्या माशीमुळेच. ती माशी या पांढऱ्या माशीच्याच कुळातली, पिल्लं काळी चकचकीत. झाडंच्या झाडं कोळशासारखी होतात, आंबिया बहाराची फळं काळी पडून भाव उतरतो. तिच्यावर असा काही कीटक नाही का?

कीटकशास्त्र_दापोली

आहे, आणि त्याची हकीकत तुम्हा संत्र्यावाल्यांनी ऐकावी अशी आहे. ही काळी माशी मूळची आशियातली, आपल्याच भागातली. १९३५ मध्ये ती मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळली आणि पुढे तिथल्या संत्री-मोसंबीच्या बागा काळ्या पडत गेल्या. अमेरिकेच्या कृषी खात्याचा एक कीटकतज्ज्ञ, हर्बर्ट स्मिथ, १९४० च्या दशकाच्या अखेरीस भारत आणि पाकिस्तानात आला. इथल्या लिंबूवर्गीय झाडांवरून त्याने परोपजीवी गोळा करून मेक्सिकोला पाठवले. त्यात एन्कार्सिया ओप्युलेंटा होती आणि ॲमिटस हेस्पेरिडम होती. या कीटकांनी मेक्सिकोतली काळी माशी आटोक्यात आणली. जैविक नियंत्रणाच्या इतिहासात हे नेहमी सांगितलं जाणारं यश आहे.

म्हणजे ज्या मित्रकीटकांनी परक्या देशातल्या संत्र्याच्या बागा वाचवल्या, ते मुळात आपल्या मातीतले. तुमच्या बागेतही त्यांचे भाऊबंद असणार. काळ्या माशीच्या रिकाम्या सालींवर गोल भोकं आहेत का ते तुम्हीही बघा. वेटोळ्यातली अंडी, लहान पिल्लं, मोठी पिल्लं असं वय वेगवेगळं असतं, म्हणून एका फवारणीत सगळी मरत नाहीत. फवारलंच तर सगळ्या झाडांवर सरसकट नको. आणि फवारणीआधी भोकं मोजा.

ऊसकरी_वाळवा

जुनी आठवण सांगतो. २००२ च्या पावसाळ्यात आमच्या सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला. पानं पांढरीफटक, खालच्या पानांवर काळी बुरशी, अगदी तुम्ही वर्णन केलंय तसंच. सुरुवातीला लोकांनी उसात शिरून फवारे मारले, उंच उसात ते शक्यच नव्हतं. मग डिफा आणि मायक्रोमस हे शत्रुकीटक आले आणि लोक पानाचे तुकडे एका फडातून दुसऱ्या फडात नेऊ लागले. कारखान्यांनी, कृषी विद्यापीठांनी मदत केली. आसामकडून एन्कार्सिया फ्लॅव्होस्क्यूटेलम आणली गेली आणि ती उसात रुजली. म्हणजे तुमच्या एन्कार्सियाचीच एक जात माव्यावरही चालते.

आज लोकरी मावा दिसतो, पण त्याने कुणाची झोप उडत नाही. नारळात हे घडवायचं तर पानाचे तुकडे हातोहात फिरले पाहिजेत. तेव्हा आमच्याकडे एका गावाने दुसऱ्या गावाकडे मागितलं की मिळत होतं. तसं कोकणात होऊ शकेल का?

प्रश्नचिन्ह_पुणे

सगळे एकाच बाजूने लिहीत आहेत म्हणून विचारतो, राग मानू नका. बाहेरचा जीव सोडला आणि तोच डोईजड झाला असं जगात झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये उसातल्या भुंगेऱ्यांसाठी भेकं आणली, आज ती तिथली आपत्ती आहे. एन्कार्सियाने उद्या दुसरं काही खायला सुरुवात केली तर?

कीटकशास्त्र_दापोली

राग कशाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ते भेक तोंडात मावेल ते सगळं खातं. एन्कार्सियाची अळी पांढऱ्या माशीच्या पिल्लाच्या आत वाढते, तिचं सगळं शरीर आणि आयुष्य त्या एका कामासाठी घडलेलं आहे. एन्कार्सिया ग्वाडेलूपी चक्राकार माशीच्या जवळच्या नातेवाइकांवर चालते, फुलपाखरावर किंवा मधमाशीवर नाही. पांढरी माशी कमी झाली की तीही कमी होते.

तरीही नवा कीटक देशात आणायचा तर मोकळं रान नाही. आयातीचा परवाना लागतो, बंदिस्त जागेत आधी चाचण्या होतात, इतर कीटकांवर परिणाम तपासला जातो. २००८ मध्ये पपईचा पिठ्या ढेकूण कोइम्बतूरला सापडला, तेव्हा २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी हा परोपजीवी अशाच प्रक्रियेने आणला गेला आणि पिठ्या ढेकूण ओसरला. आपली एन्कार्सिया तर गेली वीसहून जास्त वर्षं इथेच आहे. पाती इथून तिथे नेण्यात नवा जीव आणण्याचा प्रश्न येत नाही.

वेस्टलँडहून_मिलिंद

मी नेदरलँड्समध्ये टोमॅटोच्या काचघरात काम करतो. इथे एन्कार्सिया फॉर्मोसा रोजच्या व्यवहारातली गोष्ट आहे. काळी पिल्लं चिकटवलेली छोटी कार्डं येतात, ती झाडाच्या खालच्या भागात, सावलीत टांगतात. पहिली माशी दिसायच्या आधीपासून, ठरावीक आठवड्यांनी. माशी दिसू लागल्यावर सुरुवात केली तर उशीर होतो.

याचा इतिहासही मोठा आहे. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या एका टोमॅटो उत्पादकाने पांढऱ्या माशीची काही पिल्लं काळी पडलेली पाहिली आणि ती चेशंटच्या संशोधन केंद्रातल्या स्पेयर नावाच्या कीटकतज्ज्ञाकडे गेली. त्यातून एन्कार्सिया निघाली. काही वर्षांत केंद्र ती वाढवून उत्पादकांना देऊ लागलं, परदेशातही पाठवू लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि नवी औषधं आली आणि लोक एन्कार्सियाला विसरले. मग किडी औषधांना दाद देईनात, तेव्हा १९७० च्या सुमारास ती परत आली. आज आपल्याकडे हेच चक्र चालू आहे असं मला वाटतं. तिकडच्या शेतकऱ्यांची जी वीस-पंचवीस वर्षं वाया गेली, ती आपली जायला नकोत.

इथल्या कामातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची. टोमॅटोची खालची पानं आम्ही नियमित काढतो. काळी पिल्लं वयाने मोठी, म्हणून ती नेमकी खालच्या जुन्या पानांवर असतात. पानं लगेच बाहेर फेकली तर सगळी एन्कार्सिया कचऱ्यात जाते. म्हणून ती काही दिवस काचघरातच जमिनीवर ठेवतात, एन्कार्सिया निघून जाऊ देतात, मग उचलतात. तुमच्याकडे माडाची जुनी झावळी काढल्यावर काय करता?

गुहागरचा_आगर

मिलिंद, तुझ्या प्रश्नाने डोळे उघडले. आमच्याकडे बाग साफ करताना काळ्या पडलेल्या खालच्या झावळ्या तोडून लगेच जाळायची पद्धत आहे, आणि "कीड जाळली" म्हणून समाधान वाटतं. त्या झावळ्यांवरच काळी पिल्लं सर्वांत जास्त असणार! हिरवी झावळी तोडणं माडाच्या दृष्टीनेही वाईटच, कारण प्रत्येक झावळीच्या बगलेत एक घड असतो. वाळून आपोआप सुटलेली झावळी खाली आली तरी ती आठ-दहा दिवस माडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवावी, असं मला आता वाटतं. दापोलीच्या ताईंनी यावर सांगावं.

कीटकशास्त्र_दापोली

अगदी बरोबर. झावळी वाळली की तिच्यावरची पांढऱ्या माशीची पिल्लं रस न मिळाल्याने मरतात. पण काळ्या पडलेल्या पिल्लातली एन्कार्सिया बरीचशी तयार झालेली असते, तिला झाडाच्या रसाची गरज उरलेली नसते, ती बाहेर येऊ शकते. टेकवून ठेवण्याचा फायदा आपल्या बाजूनेच आहे. जाळू नका.

फोंड्याहून

आमच्या गोव्यातली स्थिती थोडी वेगळी दिसते म्हणून लिहितो. माडाच्या पात्याखाली वेटोळी आहेतच, पण त्यात आणखी बारीक माश्याही आहेत. त्या पिसांसारख्या पांढऱ्या तंतूंचं घरट्यासारखं गोल करून मधे बसतात. त्यांच्यावर काळी पिल्लं शोधली, एकही नाही. एन्कार्सिया त्यांच्यावर जात नाही का?

कीटकशास्त्र_दापोली

चांगलं पाहिलंत. त्या घरटं करणाऱ्या पांढऱ्या माश्या, पॅरालेरॉइड्स वंशातल्या. त्यांतली बोंडारची माशी २०१८ मध्ये केरळात आढळली आणि लगेच तिच्या मागून दुसरी जात आली. एन्कार्सिया ग्वाडेलूपी त्यांना धरत नाही. त्यांच्यावर सध्या भिस्त आहे ती क्रायसोपा आणि ढालकिड्यांसारख्या खाणाऱ्या कीटकांवर, आणि पाण्याच्या फवाऱ्यावर.

म्हणून पाती मोजताना कोणत्या माशीची पिल्लं मोजतोय हे लिहायलाच हवं. रुगोज कमी होऊन घरटेवाली वाढली, तर "एन्कार्सियाने काही झालं नाही" असं लोक म्हणतील आणि बाटली उघडतील. आणि ती बाटली दोन्हींच्या शत्रूंना मारेल. पंजाबात २०१५ मध्ये कपाशीवर पांढऱ्या माशीने हाहाकार केला, तेव्हा शेतकरी फवारणीमागून फवारणी करत होते आणि माशी हटत नव्हती. ते आपल्या माडांवर व्हायला नको.

शैला_वेंगुर्ला

भिंग मिळाला. नातवाच्या शाळेतला. कर्दळीच्या खालच्या पानांर काळी पिल्लां आसत, आणि गोल भोकांय आसत! वरच्या कवळ्या पानांर नुसती पांढरी वेटोळी. पण माडाच्या झावळांर काळी एकय गावली नाय. आता कर्दळीची पानां कापून माडार लावू?

कीटकशास्त्र_दापोली

हो शैलाताई, पण सगळी नको. निम्मी कर्दळ तशीच राहू द्या, तिथला साठा चालू राहिला पाहिजे. काळी, भोक न पडलेली पिल्लं असलेली पानं सकाळी कापा, माश्या झटका, पानाचा तुकडा कापून सर्वांत खालच्या झावळीच्या पात्यांमध्ये खालच्या बाजूला टाचा. ऊन थेट लागणार नाही अशी जागा बघा आणि मुंग्या चढत नाहीत ना तेही बघा. गोड स्रावासाठी मुंग्या येतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. पंधरा-वीस दिवसांनी त्याच झावळीची पाती भिंगाखाली घ्या आणि इथे सांगा.

विनू_खारेपाटण

मी पाती आणून बघितली. संकरित माडांवर टी चिराच जास्त, गोल भोकं तुरळक. पण बांधाजवळच्या जुन्या बाणवलीवर काळी पिल्लं चांगली आहेत. तिथे आम्ही कधीच फवारत नाही, उंची फार. फवारणीवाल्याला दिलेली वेळ रद्द केली आहे. बाणवलीची पाती काढायला पाडेली परवा येतो. शेजारच्या दोन घरांनाही सांगितलं, एक तयार आहे, दुसरा म्हणतो आधी तुझं बघू.

गुहागरचा_आगर

विनू, दुसऱ्यालाही धरून ठेव, त्याच्या वाडीत भिंग घेऊन जा. आमच्याकडे ग्रामसभेच्या आधी वाडीची बैठक आहे, तिथे दोन गोष्टी मांडणार आहे. एक, नारळावर यंदा कुणी रासायनिक फवारणी करायची नाही. आंब्याची फवारणी असेल तर माडवाल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगायचं. दोन, मंदिरामागच्या मोकळ्या जागेत, कलमांपासून लांब, केळी आणि कर्दळीचा सामाईक पट्टा करायचा. ज्याला काळी पिल्लं हवीत त्याने तिथून न्यायची.

देवगडच्या दादांनी आणि वाळव्याच्या काकांनी लिहिलेलं मी बैठकीत वाचून दाखवणार आहे. भाट्ये-रत्नागिरीच्या नारळ संशोधन केंद्रात एन्कार्सियाची पाती मिळतात का याची चौकशी करून तेही इथेच लिहितो. ज्यांनी मोजणी केली आहे त्यांनी जात, झावळीची जागा, टी चिरा आणि गोल भोकं असं चार रकान्यांत टाका, म्हणजे तुलना करता येईल.